घड्याळाची चूक वाचायची कशी?
लिनक्स यंत्रांच्या जाळ्यातील वेळजुळणीचा आढावा

एका दुकानाच्या संकेतस्थळामागे चार लिनक्स यंत्रं आहेत असं धरू. ग्राहकानं ऑर्डर दिली. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये तिची नोंद 10:42:07.318 ला पडली आणि डेटाबेसच्या यंत्रावर तीच ऑर्डर 10:42:06.951 ला जमा झाली. ऑर्डर येण्याच्या 367 मिलिसेकंद आधीच ती जमा झालेली! दोन्ही पडदे शेजारी ठेवून पाहिले तर घड्याळं सारखीच दिसतात, म्हणून दिवसभर कुणाला काही जाणवत नाही. रात्री काही बिघडतं, सकाळी लॉग उघडून कारण शोधायला बसलं की घटनांचा क्रम उलटा लागतो आणि भलत्याच यंत्रावर संशय जातो.

फरक वाढत गेला की परिणाम उघड दिसू लागतात. कर्बरॉसवर चालणारं लॉगिन साधारणपणे 5 मिनिटांपर्यंतचा फरक सोसतं, त्यापुढे पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. दर 30 सेकंदांनी बदलणारा फोनवरचा आकडा सर्व्हर नाकारतो. मागे पडलेल्या यंत्राला आजच काढलेलं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं. सामायिक डिस्कवरच्या फाइलींवर प्रोग्राम बांधणारं मेक चालवलं तर फाइल भविष्यकाळातली असल्याची तक्रार येते आणि काही भाग नव्यानं बांधलेच जात नाहीत. अशा वेळी बहुतेक जण डेट हा आदेश देऊन घड्याळ हातानं लावतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. मला हीच सवय सर्वांत घातक वाटते. हातानं लावलेल्या घड्याळाबरोबर पुरावा पुसला जातो. घड्याळ किती चुकलंय हा एक आकडा झाला. ती चूक तासातासाला कशी बदलते, स्थिर राहते, सरळ रेषेत वाढते, मागेपुढे होते की एकदम उडी घेते, यात कारण दडलेलं असतं. म्हणून आधी दोनचार तास नुसतं मोजत बसायचं आणि मगच हात लावायचा.

सगळ्यात साधी चूक सरळ रेषेत वाढणारी. संगणकातलं घड्याळ क्वार्ट्झच्या कंपनांवर चालतं आणि कुठल्याही दोन स्फटिकांची चाल तंतोतंत सारखी नसते. चालीतला फरक दशलक्षांशात मोजतात. 1 दशलक्षांश म्हणजे दिवसाला 0.0864 सेकंद, आणि 50 दशलक्षांश म्हणजे दिवसाला 4 सेकंदांहून जास्त. आज दुपारी फरक 0.9 सेकंद, उद्या 1.8, परवा 2.7 असा मिळाला, तर घड्याळ दहाएक दशलक्षांशानं चुकतंय आणि त्याला सुधारणारं कुणी नाही. स्फटिक बिघडलेला नाही, वेळ जुळवणारी सेवाच बंद आहे किंवा तिला बाहेरून उत्तर मिळत नाही. तापमानानंही चाल बदलते. सर्व्हरच्या खोलीतलं एसी बंद पडलं तर त्याची खूण घड्याळाच्या चालीच्या आलेखात उमटते.

भारतात एक चूक पाहताक्षणी ओळखता येते: बरोबर साडेपाच तासांची. लिनक्सच्या यंत्रात दोन घड्याळं असतात. एक मदरबोर्डवरचं, छोट्या बॅटरीवर वीज नसतानाही चालणारं. दुसरं कर्नेलचं, यंत्र सुरू होताना पहिल्यावरून लावलं जाणारं आणि मग स्वतंत्रपणे चालणारं. लिनक्स पहिल्या घड्याळात जागतिक वेळ आहे असं धरतं, विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरतं. एकाच यंत्रावर दोन्ही असतील तर विंडोजनं लिहिलेली सकाळी 10 ची वेळ लिनक्सला दुपारी साडेतीन वाटते. वेळजुळणीचे सर्व्हर बदलत बसून हा दोष जात नाही. टाइमडेटसीटीएल चालवायचं आणि मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे का, ती ओळ वाचायची. साडेपाच तास म्हणजे 19,800 सेकंद, आणि वेळ जुळवणारी जुनी एनटीपीडी सेवा 1,000 सेकंदांहून मोठा फरक दिसला की काहीतरी गंभीर घोटाळा आहे असं समजून बंदच पडते. त्यामुळे ‘सेवा सुरूच होत नाही’ या तक्रारीमागेही पुष्कळदा हेच साडेपाच तास असतात. यंत्र दर वेळी एखाद्या जुन्याच वर्षात सुरू होत असेल तर बॅटरी संपलेली असते. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत तर असं घड्याळच नाही. वीज गेली की ती शेवटच्या नोंदलेल्या वेळेपासून पुढे चालू लागतात.

जाळ्यातून वेळ जुळवण्याची जी पद्धत आज सगळीकडे चालते, तिचं श्रेय डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांना जातं. या पद्धतीचा, म्हणजे एनटीपीचा, पहिला मसुदा 1985 चा, सध्याची चौथी आवृत्ती 2010 ची. मिल्स जानेवारी 2024 मध्ये गेले. एवढ्या काळात इंटरनेट ओळखू येणार नाही इतकं बदललं, पण त्यांनी मांडलेला हिशेब तसाच आहे. यंत्र विचारणा पाठवताना वेळ टिपतं, सर्व्हर ती मिळाल्याची आणि उत्तर धाडल्याची वेळ टिपतो, उत्तर पोचल्यावर यंत्र चौथी वेळ टिपतं. या चार आकड्यांवरून जाण्यायेण्याला लागलेला एकूण वेळ नेमका कळतो, आणि दोन घड्याळांतला फरकही निघतो. मात्र तो काढताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जायला आणि यायला सारखाच वेळ लागला.

प्रत्यक्षात कसारा घाट चढायला आणि उतरायला सारखाच वेळ लागतो असं धरण्यासारखं ते आहे. विचारणा जायला 40 मिलिसेकंद आणि उत्तर यायला 10 लागले, तर दोन्ही घड्याळं तंतोतंत जुळलेली असतानाही हिशेब 15 मिलिसेकंदांचा फरक दाखवतो. यंत्र मग तो ‘सुधारतं’ आणि चुकीच्या जागी स्थिर होतं. स्थिर, न हलणाऱ्या, काही मिलिसेकंदांच्या फरकाचं हे नेहमीचं कारण. ही चूक एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही, इथे 25 मिलिसेकंद. उपाय एकच: फेरी लहान करा, म्हणजे सर्व्हर जवळचा घ्या. एखाद्या जोडणीवर दिवसा अपलोड तुंबत असेल तर फरक कामाच्या वेळात वाढतो आणि रात्री उतरतो. असा आलेख दिसला की घड्याळ सोडून जोडणीकडे वळावं.

लिनक्सवर आज तीन सेवा प्रामुख्यानं भेटतात. सिस्टमडी-टाइमसिंकडी ही सर्वांत साधी. ती एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकते, इतरांशी ताडून पाहत नाही. लॅपटॉपला पुरे, लॉग जुळवायचे असतील तिथे अपुरी. एनटीपीडी हा मिल्स यांच्याच परंपरेतला जुना कारभारी. रिचर्ड करनाउ यांनी सुरू केलेली आणि मिरोस्लाव लिचवार यांनी पुढे सांभाळलेली क्रोनी ही तिसरी. रेड हॅटनं आवृत्ती 7 पासून तिला पहिली पसंती दिली आणि 8 मध्ये एनटीपीडी काढूनच टाकली. माझं मत स्पष्ट आहे. नव्या यंत्रावर क्रोनीच बसवावी. एनटीपीडी घड्याळ हळूहळू सरकवताना 500 दशलक्षांशांपलीकडे जात नाही, त्यामुळे 1 सेकंद भरून काढायला तिला 2,000 सेकंद लागतात. क्रोनी तेवढंच काम लिनक्सवर 12 सेकंदांत करू शकते. कोणतीही निवडा, पण एका यंत्रावर एकच ठेवा. दोन सेवा एकाच घड्याळाला ओढू लागल्या की फरक करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत राहतो.

क्रोनी काय सांगते ते नीट वाचणारे कमी भेटतात. क्रोनीसी ट्रॅकिंग हा आदेश दिला की ‘सिस्टिम टाइम’ या ओळीत सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाचा फरक दिसतो आणि पाहणारा खूश होतो. तो आकडा म्हणजे क्रोनीच्या अंदाजातली राहिलेली दुरुस्ती. अंदाजच तिरका असेल तर हा आकडा काही सांगत नाही. घड्याळ जास्तीत जास्त किती चुकलेलं असू शकतं हे काढायचं तर त्या आकड्यात ‘रूट डिस्पर्शन’ पूर्ण आणि ‘रूट डिले’ निम्मा मिळवायचा. रूट डिले 60 मिलिसेकंद, डिस्पर्शन 4 आणि उरलेली दुरुस्ती नगण्य असेल, तर खात्री फक्त 34 मिलिसेकंदांपर्यंतची. 10 मिलिसेकंदांच्या अंतरानं घडलेल्या दोन घटनांपैकी आधी कोणती, हे असं यंत्र सांगू शकत नाही, आणि ते सांगतंय असं आपणही मानू नये.

क्रोनीसी सोर्सेस या यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे एक खूण असते. तारा म्हणजे सध्या याचं ऐकणं चालू आहे, अधिक म्हणजे याचंही मत धरलं जातंय, एक्स म्हणजे हा इतरांच्या विरुद्ध बोलतोय, प्रश्नचिन्ह म्हणजे संपर्क नाही किंवा उत्तर वापरण्याजोगं नाही. ‘रीच’ या रकान्यातला आकडा अष्टमान पद्धतीतला आहे हे माहीत नसल्यानं गोंधळ होतो. 377 म्हणजे शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर आलं, 376 म्हणजे नुसती शेवटची हुकली, 0 म्हणजे आठही वाया गेल्या. 0 दिसला की यूडीपीचं 123 क्रमांकाचं पोर्ट कुठे अडतंय ते शोधायचं आणि टीसीपीडंप लावून पॅकेट बाहेर जातंय का, परत येतंय का, ते डोळ्यांनी पाहायचं. विचारणा जाते आणि उत्तर येत नाही, असं असेल तर अडथळा आपल्या यंत्राबाहेर असण्याचीच शक्यता जास्त. 2013-14 मध्ये एनटीपी सर्व्हरांच्या एका जुन्या सुविधेचा गैरवापर करून प्रचंड रहदारीचे हल्ले झाले. फेब्रुवारी 2014 मधला एक हल्ला सेकंदाला 400 गिगाबिटच्या आसपास पोचला होता. तेव्हापासून कित्येक जाळ्यांत या पोर्टवर मर्यादा आल्या.

यापेक्षा फसवी अवस्था वेगळीच असते. पिंग लागतो, पोर्ट उघडं आहे, तरी प्रश्नचिन्ह हलत नाही. इथे बहुतेक वेळा कार्यालयातला सर्व्हर स्वतःच कुणाशी जुळलेला नसतो. आपलं घड्याळ भरवशाचं नाही असं तो प्रामाणिकपणे उत्तरात लिहितो आणि समोरची यंत्रं त्याला नाकारतात. बाहेरचं जग न दिसणाऱ्या कारखान्यातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या जाळ्यात हे हमखास होतं. तिथे क्रोनीला ‘लोकल स्ट्रॅटम 10’ अशी ओळ देऊन त्या सर्व्हरचं घड्याळ प्रमाण मानायला सांगावं लागतं. असे दोन सर्व्हर परस्परांना न ओळखता ठेवले तर मात्र काही आठवड्यांत जाळ्याचे दोन तट पडतात, प्रत्येक आपापल्या वेळेशी अगदी एकनिष्ठ.

व्हर्च्युअल यंत्रांनी या विषयाला नवं वळण दिलं. अशा यंत्राला गोठवून ठेवता येतं आणि तासाभरानं जागं करता येतं. जागं झाल्यावर त्याच्या लेखी तो तास झालेलाच नसतो. क्रोनीच्या नेहमीच्या मांडणीत घड्याळाला एकदम उडी मारण्याची मुभा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच असते. त्यानंतर ती फक्त सरकवते, आणि एक तास सरकवून भरायला 12 तास जातात. ‘सेवा चालू आहे, सर्व्हर दिसतोय, तरी घड्याळ चुकीचं’ या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. दुसरा घोळ यजमान यंत्राचा. व्हीएमवेअरसारख्या व्यवस्था पाहुण्या यंत्राचं घड्याळ बाहेरून लावू शकतात, आणि आतली क्रोनी तेच आपल्या हिशेबानं लावत असते. पुन्हा करवतीचे दाते. केव्हीएमवर पीटीपी-केव्हीएम हे मॉड्यूल वापरून यजमानाचं घड्याळ थेट क्रोनीचा एक स्रोत म्हणून देता येतं, आणि तो मार्ग मला सर्वांत स्वच्छ वाटतो. कंटेनरच्या आत घड्याळ दुरुस्त करत बसणं व्यर्थ आहे, कारण तो यजमानाचंच घड्याळ पाहतो. एखाद्या खऱ्या यंत्राची चाल अचानक बिघडली तर कर्नेलच्या लॉगमध्ये टीएससी अस्थिर ठरवल्याची ओळ शोधावी. प्रोसेसरमधला हा मोजक सोडून कर्नेल हळू चालणाऱ्या दुसऱ्या मोजकाकडे गेलेलं असतं.

सर्व्हर किती असावेत, या प्रश्नाचं उत्तर 19 नोव्हेंबर 2012 ला मिळालं. त्या दिवशी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे टिक आणि टॉक हे दोन नामांकित सर्व्हर काही काळ वर्ष 2000 सांगू लागले. ज्यांचा भरवसा फक्त त्यांच्यावर होता त्यांच्या जाळ्यांत लॉगिन कोसळली, आणि ज्यांनी इतरही स्रोत ठेवले होते त्यांच्या सेवांनी या दोघांना खोटं ठरवून बाजूला सारलं. दोनच स्रोत असतील तर कोण चुकतोय हे ठरवता येत नाही. तीन असले तर बहुमत मिळतं, पण एक बंद पडला की पुन्हा दोनावर येतो. म्हणून 2019 च्या आरएफसी 8633 या मार्गदर्शिकेत किमान चार सांगितले आहेत. ते चारही एकाच उगमातून वेळ घेणारे नसावेत, हे मी आवर्जून जोडेन.

लीप सेकंदाची गोष्ट लिनक्सवाल्यांना कायमची लक्षात राहिली आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी 1972 पासून जागतिक वेळेत 27 वेळा एक सेकंद वाढवला गेला. 2012 मध्ये तो भारतीय वेळेनुसार 1 जुलैच्या पहाटे साडेपाचला आला आणि कर्नेलच्या टाइमरमधल्या एका दोषामुळे जगभरच्या सर्व्हरांवर जावा आणि मायएसक्यूएलसारखे प्रोग्राम प्रोसेसर पूर्ण व्यापून बसले. घड्याळ होतं त्याच वेळेवर पुन्हा लावलं की ते शांत होत. शेवटचा लीप सेकंद 2016 च्या 31 डिसेंबरचा. तेव्हा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस प्रणालीत दोन क्षणांतलं अंतर ऋण निघालं आणि प्रोग्राम कोसळले. दोन क्षणांतलं अंतर भिंतीवरच्या घड्याळावरून मोजू नये, त्यासाठी कर्नेलचं कधीही मागे न जाणारं घड्याळ वापरावं, हा धडा गो भाषेनं त्यानंतर आपल्या वेळेच्या प्रकारातच घालून घेतला. गूगल तो जादा सेकंद 24 तासांवर पसरून देतं. ही सोय छान आहे, पण पसरवणारे आणि न पसरवणारे सर्व्हर एकाच यादीत मिसळले तर त्या दिवशी त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि बहुमताचं गणित कोलमडतं. 2022 मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ही पद्धत 2035 पर्यंत सोडून द्यायचं ठरवलं, ते उत्तमच झालं.

मायक्रोसेकंदांची गरज असलेल्यांसाठी पीटीपी आहे. तिथे वेळेचा शिक्का नेटवर्क कार्डावरच उमटतो, आणि आपलं कार्ड त्याला तयार आहे का हे ईथटूल सांगतं. मात्र वाटेतला एक साधा स्विच ही सगळी अचूकता घालवू शकतो. आणि वेळेची उत्तरं वाटेत कुणी बदलू नयेत यासाठी 2020 मध्ये एनटीएस आलं, जे क्रोनी आवृत्ती 4 पासून समजते. त्यातली अडचण अशी की प्रमाणपत्र तपासायला वेळ बरोबर लागते आणि वेळ मिळवायला प्रमाणपत्र तपासावं लागतं. बॅटरी नसलेल्या छोट्या यंत्रांवर हा पेच पहिल्याच मिनिटाला उभा राहतो.

भारतात 28 एप्रिल 2022 नंतर हा विषय कायद्याच्या कक्षेत आला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या त्या दिवशीच्या निर्देशानुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सेवा देणाऱ्या संस्थांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरांशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरांशी जुळवायची आहेत. लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. अनेक देशांत पसरलेल्यांना दुसरा अचूक स्रोत चालतो, पण त्याची वेळ या दोघांपासून ढळता कामा नये. अंमलबजावणीत मात्र मला एक खोट दिसते: प्रत्येक यंत्राच्या यादीत सरकारी सर्व्हराचं नाव टाकलं की काम संपलं, असं समजलं जातं. शेकडो यंत्रांनी बाहेर धावण्यापेक्षा आपले तीन-चार सर्व्हर उभे करून तेवढेच बाहेर जोडावेत आणि बाकी सगळ्यांनी त्यांच्याकडून वेळ घ्यावी. अपघातानंतर चौकशीत विचारलं जाईल ते त्या रात्री प्रत्येक घड्याळ किती चुकत होतं, आणि त्याचं उत्तर फक्त नोंदींत असतं. क्रोनीला फरक, चाल आणि स्रोतांची आकडेवारी लॉगमध्ये लिहायला सांगणारी एक ओळ पुरते. बहुतेक ठिकाणी ती ओळच नसते.

पुढची तारीख आतापासून लिहून ठेवण्यासारखी आहे. एनटीपी 1 जानेवारी 1900 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजतं आणि ते 7 फेब्रुवारी 2036 ला भारतीय वेळेनुसार सकाळी 11:58:16 ला शून्यावर येतात. आजच्या क्रोनीनं ही उडी सांभाळली आहे. काळजी आहे ती कॅमेरे, हजेरीची यंत्रं, कारखान्यांतले नियंत्रक यांत बसवलेल्या जुन्या लिनक्सची, ज्यांचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं कुणी बदललेलं नाही. त्यांची परीक्षा आजही घेता येते. एक सर्व्हर वेगळ्या जाळ्यात घ्यायचा, त्याचं घड्याळ 8 फेब्रुवारी 2036 वर लावायचं, उपकरण त्याला जोडायचं आणि ते तीच तारीख दाखवतं की 1900 मध्ये जातं, हे पाहायचं.